भुताच्या गेमला बसलो तेव्हा

२००५ साल. मी एकसष्ट वर्षांचा. रेल्वेतली गँगमनची नोकरी संपून वर्ष झालं होतं आणि बायको जाऊन तीन महिने. मी रडलो नव्हतो. आटगावात लोक म्हणायचे, म्हातारा खंबीर आहे. मी त्यांना तसं म्हणू दिलं.

खरं तर मला काही वाटतच नव्हतं. जेवण, ऊन, नातवंडांचा दंगा, सगळं भिंतीपलीकडचं. त्यात एक दिवस गंजीतला पेंढा काढायला गेलो, तर खालून घोणस निघाली. पायापासून हातभर लांब. मी नुसता बघत उभा राहिलो. सुनेनं ओरडत येऊन दंडाला धरून मागं ओढलं. मुलानं नंतर विचारलं, "आबा, तुमी हललात का नाय?" घोणस बघून कुणीही भितो. मी भ्यालो नव्हतो. त्याची काळजी वाटली असंही नाही. काळजी करायला हवी, एवढं कळलं.

माझा पुतण्या शहापूरला एसटी स्टँडच्या मागं कॉम्प्युटरचं दुकान चालवायचा. दोन पोरांचा बाप, पण गेमचं वेड काही सुटलं नव्हतं. बरेच दिवस तो एका भुताच्या गेमची वाट बघत होता. खेळताना माणसं खुर्चीवरनं उठून पळतात, असं सगळ्यांना सांगत सुटला होता. सीडी आल्याचं कळलं तसा मी जीप धरून गेलो आणि म्हटलं, मला बसव.

तो हसला. "काका, बीपीची गोळी घेतली ना?"

मी म्हटलं, उंबरमाळीच्या रुळांवर कंदील घेऊन एकटा हिंडलोय, मला शिकवू नको. का बसायचंय ते मात्र बोललो नाही. भीती वाटते का बघायला आलोय, हे पुतण्याला कसं सांगायचं?

भर दुपारी त्यानं शटर अर्धं ओढलं, स्पीकर मोठा केला आणि माझा हात माऊसवर ठेवला. चालायची बटणं त्याच्याकडं, वळायचं काम माझं. पडद्यावर ओसाड बंगला, आपल्याकडं बॅटरी, आणि आत कुठंतरी मेलेली बाई. थोडं आत गेलो तशी वरच्या माळ्यावरनं तिनं हाक मारली. मी माऊसवरचा हात काढला.

"काका, वळा ना. ती बोलावतेय."

"थांब. तिसरी हाक येऊ दे."

आमच्याकडं अवेळी हाक आली तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ देत नाहीत. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतो, दुसरं काही असेल तर मारत नाही. हे पुतण्यालाही ठाऊक. त्यानं बटणांवरची बोटं उचलली.

दुसरी आली, तिसरी आली. मग चौथी, पाचवी. सगळ्या एकसारख्या. तोच सूर, तोच दम. माझी बायको बांधावरनं जेवायला बोलवायची, तेव्हा पहिली हाक गोड, दुसरी करकरीत, आणि तिसरीला माझ्या बापजाद्यांचा उद्धार. मी मुद्दाम तिसरीपर्यंत मान वर करायचो नाही. या बाईला राग येतच नव्हता. आपण गेलो काय, न गेलो काय, तिला सारखंच.

शेवटी आम्ही जिना चढलो. दार उघडलं, बाई अंगावर आली, पडदा लाल झाला. मेलो. पुन्हा पहिल्यापासून. तोच जिना, तेच दार, बाई त्याच बाजूनं. असं तीन-चारदा झाल्यावर पुतण्यानं जांभई दिली.

"भ्यालात काय?"

"नाय."

"मी पण नाय. एवढी वाट बघितली आणि हे असलं. कुठं उभी हाय ते आधीच कळतं."

त्याचं तोंड पडलं होतं. बंगला तेवढा झकास केलाय, भुताचं काम वाऱ्यावर सोडलंय, असं बडबडत तो गेम बनवणाऱ्यांना शिव्या देत बसला. त्याचा विरस झाला ते दिसत होतं. माझा झाला का, ते मला सांगता येणार नाही. मी म्हटलं, अजून एकदा लाव. तो म्हणाला, कशाला, तेच येणार. मी हट्टच धरला. दार उघडलं. तीच आली. मी घोणशीकडं बघितलं तसाच तिच्याकडं बघत राहिलो.

पुतण्यानं चहा पाजला. घरी आलो, जेवलो, झोपलो. झोपही लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहापूरहून किन्हवलीमार्गे जाणारी पहिली एसटी धरून मी मुरबाडला थोरल्या लेकीकडं गेलो. आई गेल्यापासून ती फोन करायची आणि मी दर वेळी "बरा आहे" म्हणून ठेवून द्यायचो. ती पडवीत सुपात मोड आलेले वाल घेऊन सोलत बसली होती. मला दारात बघून अर्धवट उठली.

"आबा, काय झालं?"

"काय नाय झालं. तुझी आई गेली तवापासनं मला कायच वाटत नाय गो. भ्या नाय, रडू नाय. तेवढं सांगाया आलो."

ती खाली बसली आणि वालांचं सूप तिनं दोघांच्या मधे सरकवलं. मी टोपी काढून बाजूला ठेवली आणि वाल सोलायला लागलो.