आत्याच्या सव्वीस वह्या

माझी आत्या एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डवर एकतीस वर्षं बसली. सगळं इस्पितळ तिला बोर्डबाई म्हणायचं. मोठमोठे डॉक्टरही तिच्याशी जपून बोलायचे, कारण कुणाचा फोन किती वेळ लटकत ठेवायचा हे तिच्या हातात होतं. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं की म्हणायची, "दिवसभर लोकांचं ऐकून घेते, घरी येऊन आणखी एकाचं कोण ऐकणार?"

पण एकाचं ऐकायची. रोज सकाळी, तोंडातून पहिला शब्द जायच्या आधी, ती खिडकीजवळच्या टेबलाशी वही उघडून अर्धा तास बसायची. तेवढ्यात घराला आग लागली असती तरी तिने आधी वही मिटली असती आणि मग बोंब मारली असती. देवाचं नाव तिने कधी घेतलं नाही. बायका नवऱ्याला 'आमचे हे' म्हणतात, तशी ती त्याला 'पलीकडचे' म्हणायची. "पलीकडून येईल ते लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही," हा तिचा एकच नियम. सव्वीस वर्षांच्या सव्वीस वह्या कपाटात कुलपाआड होत्या. शेजारणी आपापली दुखणी घेऊन यायच्या आणि हळूच विचारायच्या, "माझ्याबद्दल काही आलं का हो?" माझे वडील, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, म्हणायचे, "आमच्या ताईकडे देवाचा थेट नंबर आहे. फक्त ती कुणाला देत नाही."

हे कसं सुरू झालं ते तिने मला एकदाच सांगितलं होतं. एका सकाळी बोर्डवर एका बाईचा फोन आला. बाई बोलेना, नुसता श्वास ऐकू येत होता. बाकीचे दिवे लुकलुकत होते, सुपरवायझर डोळे वटारत होता, पण आत्याने लाइन कापली नाही. मिनिटामिनिटाने फक्त म्हणायची, "मी आहे लाइनवर." अकरा मिनिटांनी पलीकडून आवाज आला, "तुम्ही होतात, बरं झालं," आणि फोन ठेवला गेला. आत्याला त्यापायी भरपूर बोलणी खावी लागली. घरी येताना तिने पहिली वही विकत घेतली.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली आणि तिला पक्षाघाताचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, पायही महिन्याभरात चालता झाला. उजवा हात तेवढा मांडीवर पडून राहिला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पहिले काही महिने महत्त्वाचे असतात. त्यांनी हात आत्ता वापरला नाही, तर पुढे फार कठीण जाईल." आणि आत्या तो वापरायलाच तयार नव्हती. रबरी चेंडू दिला की उशीखाली सारायची. सकाळी जाग आली तरी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. "लाइन कापली गेली गं," एवढंच म्हणायची. ते ऐकून मला रडू यायचं, आणि रडू आलं की मी चिडते. हा आमच्या घराण्याचाच गुण आहे.

माझ्याबद्दल सांगायचं तर मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. लोकांचे दात त्यांच्याच घशात घालणं हिला छान जमतं, असं वडील म्हणतात. तर मी आत्याला म्हटलं, "तू सांग, मी लिहिते." आठ दिवस सकाळी वही घेऊन तिच्यासमोर बसले. तिने तोंडातून चकार शब्द काढला नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "पहिल्या शब्दाच्या आधी लिहायचं असतं. तुला सांगायचं म्हणजे बोलायला लागणार."

"मग डाव्या हाताने लिही."

"कोंबडीच्या पायांनी? त्यांना?"

तिचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि त्याचा तिला गर्व होता. देवाला घाबरणारी माणसंही अक्षराच्या बाबतीत हट्टी असतात हे मला तेव्हा कळलं.

मग मी नको ते केलं. ती झोपलेली असताना तिच्या पर्समधून किल्ली काढली आणि कपाट उघडलं. पलीकडून आलेलं एखादं मोठं वचन तिलाच वाचून दाखवावं, म्हणजे उभारी येईल, असा माझा विचार. पहिली वही उघडली. सुबक अक्षरात तारीख आणि खाली दोन ओळी:

"आज काही नाही.
लाइनवर आहे."

पान उलटलं. तेच. आणखी दहा पानं उलटली. तेच. त्या वर्षात तीनशेच्या वर पानांवर तेच होतं. मी घाईघाईने पुढच्या वह्या काढल्या. मधूनच कुठेतरी एखादी ओळ जास्तीची सापडे. "धाकट्याशी अबोला पुरे झाला." "भाचीचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस, तिची दाढ दुखते आहे." दाढ खरंच दुखत होती आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. बाकी पानोपानी, आज काही नाही.

वही घेऊन मी तरातरा तिच्या पलंगाशी गेले. ती जागी झाली होती.

"सव्वीस वर्षं, आत्या! आणि शेजारणींना काय सांगायचीस?"

"कुलूप उघडलंस?" तिने आधी डोळे मोठे केले. मग झटक्यानंतर पहिल्यांदाच तिला हसू फुटलं. "काही आलं नाही असंच सांगायचे. त्यांना वाटायचं, मी लपवते."

"एवढी वर्षं नुसतं काही नाही?"

"काही नाही कसं? रोज मी होते की."

"मग आता कुठे गेलीस?"

हे मी रागाने बोलले. मी म्हटलं, "त्या बाईला बोलता येत नव्हतं, तरी तू लाइन कापली नाहीस. तुला लिहिता येत नाही, म्हणून ते कापतील?"

मग डाव्या हाताने उजवा हात उचलून तिने माझ्यापुढे ठेवला. "यात पेन राहत नाही गं," ती म्हणाली.

एवढंच असेल तर ते माझ्या धंद्यातलं काम होतं. दुसऱ्या दिवशी दातांचं माप घेतात ती पावडर घेऊन आले, पाण्यात कालवली, लगदा पेनाभोवती थापला आणि तिची बोटं त्यावर मिटवली. लगदा घट्ट झाल्यावर बोटांचे खळगे नीट उमटले होते. तो साचा लॅबमध्ये नेला, तर मालक म्हणाले, "हा कुठला जबडा?" मी म्हटलं, "आमच्या घरातला, सगळ्यात हट्टी." कवळीच्या हिरड्यांसाठी असतो तो गुलाबी माल तेवढा शिल्लक होता, त्याचीच मूठ झाली.

"अगं बाई, पेनाला हिरड्या!" म्हणून आत्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती न बोलता उठून टेबलाशी बसली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. पेन दोनदा घसरलं, दोनदा तिने डाव्या हाताने ते नीट बसवलं. चाळीस मिनिटं लागली. मग तिने मला बोटाने जवळ बोलावलं. पानभर पसरलेली, धडपडणारी अक्षरं होती, एकही धड ओळीत नव्हतं. "लाइनवर आहे."

मी डोळे पुसले. "आणि पहिली ओळ राहिली की. आज काही नाही, ती?"

"आज ते खोटं झालं असतं," आत्या म्हणाली. त्या दिवसाचा तिचा तो पहिला शब्द. "आता तो चेंडू दे इकडे."