शिगेताईचे केस

आमची शिगेताई घराशी रोजच भांडायची, पण अख्ख्या गावाशी ती एकदाच भांडली. तेही एका गंजक्या सांगाड्यापायी.

युद्धात ती गोदीत वेल्डिंग करायची. ती जोडत होती ती विनाशिका, म्हणजे लढाऊ जहाज, अर्धीच बांधून झाली आणि वरून हुकूम आला, काम बंद. ना नाव मिळालं, ना तोफा. युद्ध हरल्यावर तो सांगाडा ओढत आणून आमच्याच बंदराच्या तोंडाशी दगड भरून बुडवला, लाटा अडवायला. फक्त वरचा भाग पाण्याबाहेर. ताई धक्क्यावरून मला ओरडून म्हणाली, "तोराकिची, ती डावीकडची वेल्डिंगची शिवण बघ! माझी आहे ती!"

गावाला मात्र त्या सांगाड्याचा भरवसा नव्हता. आमच्याकडे नवी होडी झाली की सुतार डोलकाठीच्या बुडाशी खाच पाडून बाईचे केस ठेवतो. तो होडीचा जीव. गेनपाची सुतार म्हणाला, "ह्यात कुणी जीव घातलाय? मढ्याच्या आडोशाला होड्या बांधायच्या होय?" वादळ आलं की सगळे होड्या घेऊन लांबच्या खाडीत पळायचे.

"मढं म्हणतोस?" ताई कडाडली. तिथंच कात्री मागितली आणि कचकन अख्खी वेणी कापून त्याच्या हातात दिली. "हे घे केस. घाल जीव!"

"अगं बये, जीव जहाज बांधताना घालतात!"

"मग? बांधून कुठं झालंय? अर्धवटच आहे की अजून!"

म्हातारा सुतार पुटपुटत गेला, सांगाड्यातल्या एका भोकात वेणी ठेवली आणि देवदाराची खुंटी ठोकून ते बुजवलं.

तरी सांगाड्याच्या आडोशाला पहिली होडी बांधायला कुणी पुढं येईना. वादळाची चाहूल लागली तशी ताई मला म्हणाली, "तुझी बांध."

"एकच होडी आहे, ताई! फुटली तर पोरं काय खातील?"

"मग मी बसते तीत."

आणि बसली की! शिव्या देत मीही बसलो, बहिणीला एकटं कसं सोडणार? दिवसभर समुद्र त्या सांगाड्यावर आपटत होता, मी देवाचा धावा करत होतो, आणि ही बया भाताचा गोळा खात होती. शिवण हलली नाही. होडीला ओरखडासुद्धा नाही! अभिमानानं मला रडू फुटलं, खोटं कशाला बोलू?

पुढच्या वादळाला सगळं गाव तिथं लोटलं. माझ्याच होडीला जागा उरली नाही.

ताईने केस पुन्हा वाढवलेच नाहीत. कुणी विचारलं तर ताठ मानेनं सांगायची, "कामावर गेलेत."