एका रिंगची खुशाली

आता आमच्या घरात माणसं कमी आणि फोन जास्त झालेत. कुणीही कुणाशीही तासभर बोलतं, पैसे पडत नाहीत, आणि बोलण्यासारखं काही नसलं तरी बोलणं चालूच असतं. मला त्याचा राग येत नाही. पण एक मिनिट बोलायचं तर आधी विचारावं लागायचं अशा घरात मी वाढले, त्यामुळे हे फुकटचं बोलणं अजून माझ्या अंगवळणी पडत नाही.

आमचं घर सांगवीचं. ऊस, म्हशी, चार भाऊ, त्यांच्या बायका आणि आम्ही पोरं. पोरं नेमकी किती हे माझ्या आईलाही पटकन सांगता यायचं नाही. ती ताटं मोजायची. माझे थोरले चुलते म्हणजे आबा, घरखर्च त्यांच्या हातात, आणि माझे वडील धरून धाकटे भाऊ त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. त्यांना कुणी चिकट म्हटलं की ते भडकायचे. ‘चिकट न्हाय, नेटका हाय मी,’ म्हणायचे.

त्या नेटकेपणाचे किस्से सांगावे तेवढे थोडे. बारामतीला एकानंच जायचं आणि साऱ्या घराची कामं उरकून यायची, असा दंडक होता. चपला घ्यायच्या म्हणून आम्हा पोरांना दुकानात नेणं म्हणजे एसटीची तिकिटं वाया घालवणं. मग आबा आम्हाला ओट्यावर रांगेनं उभं करत, एकेकाच्या पावलाखाली तुरीची काडी धरत आणि मापाला मोडून घेत. काड्यांची जुडी पिशवीत टाकून स्वारी निघायची. एकदा एसटीत त्या पिशवीवर कुणीतरी बसलं आणि काड्यांचा चुरा झाला. आबांनी अंदाजानं चपला आणल्या, आणि अंदाज अर्थातच मोठा धरला. ‘पाय वाढत्यात, चपला वाढत न्हाईत,’ म्हणाले. ते वर्षभर आम्ही शाळेत फरपटत गेलो. आम्ही येतोय हे गुरुजींना आधी ऐकू यायचं, मग दिसायचं.

अंगाचा साबण दोऱ्यानं कापून तीन न्हाण्यांत तीन तुकडे. संध्याकाळचा चहा गुळाचा, कारण कारखान्याची साखर पाहुण्यांसाठी. दूध डेअरीला, ताक घराला. आम्हाला ह्यात काही कमी आहे असं वाटलं नाही, खरंच नाही. सगळ्यांनाच तेवढंच मिळत होतं, त्यामुळे तेच भरपूर वाटायचं. चार पैसे वाचले की घरभर एक खुशी असायची, आणि ती खुशी मला आज भरलेल्या फ्रिजसमोर उभं राहूनही होत नाही.

मग मोबाइल आला. घराला मिळून एक. रेंज फक्त पुढच्या सोप्यातल्या खिडकीजवळ यायची, म्हणून तिथं खिळा ठोकला आणि काकीनं लोकरीची पिशवी विणून त्यात फोन टांगला. आलेला फोन फुकट, केलेल्याला मिनिटाचे पैसे, आणि पाच सेकंद बोललं तरी मिनिट अख्खं धरतात हे कळल्यावर आबा दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी तोड काढली. एक रिंग देऊन कट केलं, तर सुखरूप पोचलो. दोन दिल्या, तर फाट्यावर न्यायला या. तीन दिल्या, तर काम आहे, तुम्ही फोन लावा. तीनचा खर्च आपल्यावर येतो, म्हणून तीन सहसा द्यायच्या नाहीत. आणि काही झालं तरी वाजणारा फोन उचलायचा नाही. समोरच्याचे पैसे फुकट घालवणं म्हणजे पाप. आम्ही सगळे ह्या विद्येत इतके तयार झालो, की फोन वाजला की घर एकदम चिडीचूप होऊन रिंगा मोजायचं.

माझ्या सख्ख्या अक्काचं लग्न झालं ते अंथुर्ण्याला, इंदापूर तालुक्यात. पाठवणीच्या वेळी सगळ्या बाया रडत होत्या आणि आबा जीपच्या खिडकीला धरून तिला उजळणी देत होते. ‘दिवा लागला की एक रिंग. म्हंजे आमी समजू बरी हाय. काय अडलं तर तीन. ध्यानात ऱ्हाईल?’ अक्कानं रडत रडत मान हलवली.

दाजी दूध घालून आले की अक्का त्यांच्या फोनवरून रिंग द्यायची. तेवढ्या वेळाला आई भाकरी अर्धी थापून सोप्याच्या दारात येऊन उभी राहायची, पिठाच्या हातानं चौकट धरून. रिंग वाजायची, थांबायची. ‘बरी हाय,’ आई स्वतःशीच म्हणायची आणि आत जायची. दिवसभरात लेकीचं तिला एवढंच मिळायचं, पण मिळायचं रोज.

पंचमीला अक्का माहेरी आली तेव्हा वाळली होती. विचारलं तर म्हणाली, ‘नवीन घर हाय, व्हतंय तसं.’ ती परत गेल्यावर आईचा जीव थाऱ्यावर राहिना. पण आई आबांशी समोरासमोर बोलायची नाही. थोरल्या दिराशी बोलायचं तर डोक्यावरचा पदर पुढं ओढून, कुणातरी पोरामार्फत. त्या वेळी हाताशी मी होते. ‘आबांना इचार, अक्काला एकदा फोन लावत्यात का.’

मी विचारलं. आबांनी आईकडे न बघता मलाच समजावलं. ‘रोज रिंग येती का न्हाय? एकच येती का न्हाय? मग बरी हाय. अडलं असतं तर तीन आल्या असत्या. इचारायचं काय ऱ्हायलं?’

हिशोब बिनचूक होता. आई मात्र त्या दिवसापासून रिंग थांबली तरी दारातून हलायची नाही. एका रिंगमध्ये हसणं-रडणं कळत नाही, हे तिचं दुखणं होतं, आणि ते आबांना समजावून सांगायला तिच्याकडे शब्द नव्हते.

श्रावण सरता सरता एका संध्याकाळी फोन वाजला. पहिली रिंग संपायच्या आत आई दारातून झपाट्यानं आली, पीठ लागलेल्या हातानं फोन पिशवीतून ओढला आणि हिरवं बटण दाबलं. घरात वीज पडावी तसं झालं. ‘अगं बया, उचलला!’ धाकटी काकी ओरडली. आबा खुर्चीतून अर्धे उठले.

‘बोल,’ आई म्हणाली.

मी आईच्या कुशीला चिकटून उभी होते, म्हणून पलीकडचं मला ऐकू आलं. अक्का घाबरली होती. ‘आये, ठेव. ह्यांचं पैसं पडत्यात.’

‘पडू दे. बोल.’

अक्का बोलली नाही. नुसता श्वास येत होता, तोही तुटत तुटत. आई काहीच विचारत नव्हती. फोन कानाला घट्ट धरून ती नुसती ऐकत होती. आबा म्हणाले, ‘उचललाच हाय तर काय तरी बोला तरी. मिनिट गेलंच की.’ तेवढ्यात फोन बंद पडला. दाजींचा बॅलन्स संपला असावा.

आईनं फोन माझ्या हातात दिला. पदर पुढं ओढला आणि भिंतीकडे बघत म्हणाली, ‘आबांना सांग, तीन रिंगा झाल्या.’

घरातल्या लहानथोरांनी एकच रिंग ऐकली होती. आबांनीही. मी आबांकडे वळले आणि सांगितलं, तीन रिंगा झाल्या. आबा आईच्या पाठीकडे बघत राहिले, मग माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वतः नंबर लावला.

दाजी माणूस सरळ. चाचरत म्हणाले, ‘कावीळ झालीय. गावठी औषीद चालू हाय, उतरंल दोन-चार दिसात. उगं तुमाला कशाला घोर, म्हणून कळवलं न्हाय.’ आबा पुढं काय बोलले ते मला आठवत नाही. सकाळी आई आणि ते जीप घेऊन गेले, अक्काला बारामतीला दवाखान्यात दाखवलं आणि घरी घेऊन आले. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. डॉक्टर म्हणाले होते, आठवडाभर उशीर झाला असता तर अवघड होतं.

चार दिवसांनी ती जरा उठून बसली तेव्हा आबा तिच्या खाटेशी आले. ‘पोरी, तुला तीन द्यायला सांगितलं व्हतं. का न्हाय दिल्यास?’

अक्का सरळ म्हणाली, ‘तीन दिल्या असत्या तर तुमाला फोन लावाय लागला असता की, आबा. पैसं पडलं असतं.’

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. नेमून दिलेला अभ्यास न चुकता म्हणून दाखवावा तसं ती म्हणाली. ‘चुकलं माझं,’ आबा एवढंच म्हणाले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ बसून राहिले. मला त्या दिवशी त्यांची फार माया आली. त्यांनी आयुष्यभर जे वाचवलं ते आमच्यासाठीच, आणि वाचवता वाचवता पोर हातची जायची वेळ आली होती.

अक्का बरी होऊन अंथुर्ण्याला परत गेली, त्याच दिवशी दिवेलागणीला फोन वाजला. एक रिंग झाली आणि थांबली. आई नेहमीसारखी दारात आली होती. आबांनी तिच्याआधी फोन काढला, नंबर लावला आणि कानाला धरला. पलीकडून अक्का घाईघाईनं म्हणाली असणार, बरी हाय, ठेवा. कारण आबा म्हणाले, ‘बरी हायेस ते रिंगनं कळलं. आता खरं सांग.’

मग त्यांनी फोन आईच्या हातात दिला आणि तिला मोकळेपणानं बोलता यावं म्हणून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.