नकाशाबाईंची मिनिटे

आमच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईंना मुले नकाशाबाई म्हणत. हे नाव त्यांच्या कानावर गेले तेव्हा त्या रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. वर्गात शिरताना त्यांच्या हातात फक्त खडू असे. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यापासून त्या देशाची सीमा काढायला घेत आणि ती पूर्ण होईपर्यंत अवाक्षर बोलत नसत. मग नद्या. नदी उगमाकडूनच काढायची, असा त्यांचा दंडक होता. एखाद्याने समुद्राकडून सुरुवात केली, तर त्या म्हणत, "अरे, पाणी डोंगर चढतंय तुझं. दम लागेल त्याला."

मी शेजारच्या खोलीत गणित शिकवतो. मधली भिंत पातळ आहे, त्यामुळे त्यांचा भूगोल मला आपोआप पाठ झाला.

तीन वर्षांपूर्वी प्रत्येक वर्गात काळ्या फळ्याशेजारी डिजिटल फळा बसला. त्यावर धड्यागणिक चित्रफिती असत. बाई नवे काही शिकायला नाखूश होत्या असे कुणी म्हटले, तर ते खरे नाही. हिमनदी सरकताना पहिल्यांदा पाहिली, त्या दिवशी त्या शिक्षक-खोलीत येऊन म्हणाल्या, "तीस वर्षं मी हाताने सरकवून दाखवत होते हो. आज खरी सरकली." त्या सात मिनिटांची चित्रफीत चाळीस मिनिटे पुरवत. दर अर्ध्या मिनिटाला थांबवायची, पडद्यावरचे चित्र खडूने शेजारी उतरवायचे, मुलांच्या वह्या भरेपर्यंत वाट पाहायची, मग पुढे. खडूची रेघ ज्या वेगाने जाते त्याच वेगाने पोरांचे डोके चालते, असे त्यांचे मत होते.

गेल्या वर्षी मिनिटे मोजायला सुरुवात झाली. कोणत्या शिक्षकाने आठवड्यात किती मिनिटे चित्रफीत चालवली याची यादी वरच्या कार्यालयात आपोआप जाऊ लागली. दोनशेच्या आतली नावे लाल रंगात येत. चित्र थांबवले की मोजणीही थांबे. साहजिकच बाईंच्या चाळीस मिनिटांच्या तासाची सात मिनिटे होत. त्यांचे नाव तीन आठवडे सलग लाल आले आणि मुख्याध्यापिकांनी, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंनी, त्यांना बोलावून घेतले.

"तुम्ही वापरतच नाही असं दिसतं."

"वापरते. थांबवून वापरते."

"थांबवू नका ना मग."

बाई खोलीतून बाहेर आल्या त्या थेट माझ्याकडे. आवाज कसा बंद करतात, एवढेच त्यांनी विचारले. मी बटण दाखवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी देशाचा जुना कापडी नकाशा डिजिटल फळ्यावर टांगला. मागे चित्रफिती मुक्याने चालू, पुढे बाई खडू घेऊन उभ्या. पासवर्ड टाकून यंत्र पुन्हा सुरू करायला पाच मिनिटे जात, म्हणून त्या ते मधल्या सुट्टीतही बंद करीत नसत. एक धडा संपला की पुढचा आपसूक सुरू होई. रिकाम्या वर्गात, नकाशाच्या आड, ज्वालामुखी फुटत राही आणि वाळवंटे पसरत राहत. मुलांना सारे ठाऊक होते, पण त्यांनी चकार शब्द काढला नाही.

आम्हीही तेच करत होतो. मी चित्रफीत लावून वह्या तपासत असे. पण आम्ही दोनशेचा आकडा गाठून थांबत होतो; बाईंना मात्र फोनवर येणारी ती यादी उघडून पाहायचा कंटाळा होता.

ती उघडली त्यांच्या सुनेने. सून घरून संगणकावर काम करते. संध्याकाळी भाजी निवडताना तिने बाईंचाच फोन त्यांच्यापुढे केला. "आई, तुम्ही पहिल्या आलात."

"कशात?"

"सगळ्या जिल्ह्यात. अकराशे मिनिटं, एका आठवड्यात."

"आठवड्यात माझे तास तरी तेवढे आहेत का?"

"तेच म्हणते मी. शाळेत राहायला गेलात की काय?"

हा संवाद बाईंनी मला दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा सांगितला आणि शेवटी म्हणाल्या, "हे अंगाशी येणार, सर."

आले ते आठवड्याभरात, आणि तेही अभिनंदनाच्या पत्रातून. पत्रात लिहिले होते की, आपल्या शाळेतील एका ज्येष्ठ शिक्षिकेने संपूर्ण अध्यापन डिजिटल फळ्यावर करून दाखवले असल्याने जुन्या फळ्यांची आवश्यकता उरलेली नाही. येत्या सुट्टीत चौदाही वर्गांतील काळे फळे काढून तेथे दुसरे पडदे बसवावेत. प्रस्तावावर सही करण्यापूर्वी अधिकारी गुरुवारी बाईंचा एक तास पाहतील. बाईंनी ते पत्र शिक्षक-खोलीत उभ्यानेच वाचले. इतिहासाचे सर म्हणाले, "वा बाई, तुमच्या वर्गातल्या भिंतीसुद्धा भूगोलात पास होतील." सगळे हसले. बाईंनी घडी करून पत्र परत दिले.

जिन्यात त्यांनी मला गाठले. "माझ्यामुळे फळे जाणार."

"कागद आधीच तयार असणार, बाई. त्यांना फक्त कुणाचं तरी नाव हवं होतं."

"ते माझं मिळालं ना."

त्या मोठ्या बाईंकडे गेल्या, तेव्हा मी हजेरीपट घेऊन तिथेच होतो. मोठ्या बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्याही दमलेल्या होत्या. त्या वर्षी त्यांनी अशा किती पत्रांना उत्तरे दिली होती, कोण जाणे.

"तुमचे निवृत्तीला सात महिने राहिलेत. गोडीत काढा. गुरुवारी एक चित्रफीत दाखवा, साहेब बघतील, चहा घेतील, जातील."

"आणि फळे?"

"ते आज ना उद्या जाणारच."

"जाऊ देत. पण माझ्या खोट्या आकड्यावर नको."

"सेवापुस्तकात नोंद होईल, बाई. पस्तीस वर्षांत एक शेरा नाही तुमच्यावर."

बाई उठून तासाला निघून गेल्या. मला वाटले, विषय संपला.

गुरुवारी साहेब आले. शेवटच्या बाकावर त्यांचे गुडघे मावेनात, म्हणून ते आडवे बसले. बाईंनी कापडी नकाशा उतरवून गुंडाळला, हिमनदीची चित्रफीत लावली आणि आपल्या जुन्या पद्धतीने थांबवत, उतरवत, वाट पाहत तास घेतला. माझा तो तास रिकामा होता. मी दाराशी उभा होतो. साहेबांनी दोनदा फोन पाहिला, एकदा जांभई दिली. तास चांगला झाला होता, पण त्यांच्या चेहऱ्यावर तसे काही उमटले नाही.

नंतर मोठ्या बाईंच्या खोलीत त्यांनी फाइल उघडली आणि पेन काढले. तेव्हा बाई म्हणाल्या, "साहेब, सहीआधी एक सांगायचंय. ती मिनिटं खोटी आहेत." मग कापडी नकाशापासून मधल्या सुट्टीपर्यंत सारे त्यांनी सांगितले, आवाज न चढवता, हजेरी घ्यावी तसे.

साहेबांनी पेनाचे टोपण लावले. "सगळीकडे हेच चालतं, बाई. मला काय कळत नाही? पण सांगत कुणी नाही. तुम्ही का सांगताय?"

"तुम्ही फळे काढणार म्हणून. उद्या माझ्या जागी कुणी नवी येईल. तिला थांबवून शिकवायचं असेल, तर थांबल्यावर लिहायला जागा नको?"

"तोंडी सांगून मला काही करता येत नाही. लिहून द्याल?"

मोठ्या बाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. बाईंनी कागद मागितला. एक पान भरून लिहिले, तारीख घातली, सही केली. साहेबांनी ते पान दोनदा वाचले. "प्रस्ताव मला मागे घ्यावा लागेल," ते म्हणाले, "आणि तुम्हाला ज्ञापन द्यावं लागेल. माझा इलाज नाही."

"द्या."

फळे राहिले, निदान या वर्षापुरते. ज्ञापन, म्हणजे लेखी ताकीद, आले आणि सेवापुस्तकात लागले. एवढ्यावर भागले असते, तर बरे. पण बाईंच्या कागदामुळे साऱ्यांचीच मिनिटे तपासली गेली आणि आम्हा सहा जणांना नवशिक्यांच्या प्रशिक्षणाला तीन शनिवार हजर राहण्याचा आदेश निघाला. इतिहासाचे सर त्या दिवसापासून बाईंशी बोलत नाहीत. डबा खायला त्या एकट्या बसतात. मी कधी त्यांच्यासोबत बसतो, कधी बसत नाही.

प्रशिक्षण देणारी मुलगी जेमतेम पंचवीस वर्षांची होती. डिजिटल फळा चालू कसा करायचा, इथपासून तिने सुरुवात केली. बाई पहिल्या रांगेत बसून लिहून घेत होत्या. दुसऱ्या शनिवारी त्यांनी हात वर केला आणि विचारले, "थांबवलेली मिनिटं मोजायची सोय होऊ शकते का?"

मुलगी विचारात पडली. "असं अजून कुणी विचारलं नव्हतं, मॅडम. मी वर कळवते."

"कळवा," बाई म्हणाल्या. त्यांच्या सुरात आशाही नव्हती आणि टोमणाही नव्हता.

तिसऱ्या शनिवारी प्रमाणपत्रांवर सह्या व्हायच्या होत्या, म्हणून आम्हाला व्हरांड्यातल्या बाकावर थांबवून ठेवले होते. बाईंनी चपला काढून पाय पुढे पसरले होते आणि डोके भिंतीला टेकवले होते. मी विचारले, लिहून दिल्याचा पश्चात्ताप होतो का?

"थकवा येतो," डोळे न उघडता त्या म्हणाल्या. "पश्चात्ताप करायला जोर लागतो, सर."

आतून नावे पुकारू लागले. बाईंचे नाव चौथे आले. त्यांनी वाकून चपला शोधल्या, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि सही करायला आत गेल्या.