टोपी घातलेल्या बायका

काल टीव्हीवर पोलंडचा लोकनाच दाखवत होते. झालरीचे घागरे, पायांत बूट, आणि प्रत्येक बाईच्या कमरेला एका पुरुषाचा हात. मी बघतच राहिले. हाच नाच मी लहानपणी बेळगावात, लष्कराच्या कॅम्पातल्या मैदानावर पाहिला होता. तेव्हा त्यात एकही पुरुष नव्हता.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. कोल्हापूरजवळच्या छावणीत राहणाऱ्या पोलंडच्या निर्वासित बायका पलटणीपुढं नाचायला आल्या होत्या. मी आणि माझी थोरली बहीण, आक्का, शहापुराहून चालत गेलो. आक्काचा नवरा त्याच पलटणीतून लढाईवर गेला होता. मैदानात लाल धूळ उडत होती. निम्म्या बायकांनी केस पुरुषी टोप्यांत कोंबले होते. त्यांतली एक उंच बाई जोडीदारणीला कमरेला धरून गरगर फिरवायची, बूट आपटायची, पण तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

"बाप्याचं सोंग घेतलंय बघ गं," आक्का म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. आमच्याकडं नागपंचमीला बायका अशीच सोंगं घेतात. आम्हाला वाटलं, यांचंही तसंच.

ते सोंग नव्हतं, हे काल कळलं. त्या आपापल्या माणसांच्या रिकाम्या जागी उभ्या होत्या.

पावसाळ्याच्या तोंडावर आक्काचा नवरा गेल्याची तार आली. पंचमीला आमच्या अंगणात झिम्मा रंगला, तेव्हा ती आत चुलीपुढं बसून होती. तिला कुणी बोलावलं नाही. बाहेर फेर तिच्यावाचून बरोबर जुळला होता.