सेटिंग बदललं की पहिल्यापासून

माझी सून काय काम करते असं कुणी विचारलं, तर मी सांगते, ती एक्स-रे सांभाळते. लोकांना वाटतं, फोटो काढते. काढणारे वेगळे. ही ते हरवू देत नाही. तपासणी केंद्राच्या मागच्या अंगाला एक बिनखिडकीची खोली आहे, मशीनला मानवेल अशी गार. माणसाला मानवतं का, हे कुणी विचारलेलं नाही. बाहेर ऊन रणरणत असलं तरी ही आत स्वेटर घालून बसलेली.

तिचं काम तिनं मला भाजी निवडता निवडता समजावलं होतं.

"आई, समजा घरातली माणसं मोजायची आहेत. पहिल्या दिवशी सगळ्यांना उभं करून मोजलं, तो फुल बॅकअप, म्हणजे सगळ्या फोटोंची डिस्कवर एक नक्कल. मग रोज सगळ्यांना कशाला उठवायचं? आज नवीन कोण आलं, कुणात काय बदललं, तेवढंच टिपायचं. तो रोजचा."

"आणि मोजायची रीतच बदलली तर?"

"मग परत सगळ्यांना उभं करायचं."

मी तेव्हा हसले. पुढे हेच आमच्या मुळावर येणार होतं.

माझ्या लेकाची बदली झाली. शाळा सुरू होणार म्हणून तो आमच्या ठमीला घेऊन पुढे गेला. ठमी म्हणजे माझी नात, नाकापेक्षा मोती जड अशी. मी आणि सून पंधरा दिवसांत मागून निघणार होतो. पण केंद्राच्या डॉक्टरांनी तेवढ्यात बॅकअपचं नवीन मशीन आणलं आणि म्हणाले, "एक फुल बॅकअप होऊ दे, त्यावर आठवडाभर रोजचे नीट उतरू देत. मग तू मोकळी."

एक्स-रे म्हणजे वजनदार प्रकरण. फुलला चार-चार दिवस लागतात, मधे डिस्क बदलावी लागते. पहिला फुल झाला, रोजचे सुरू झाले, आम्ही भांडी बांधली. आणि सून संध्याकाळी येऊन चप्पल न काढता दारातच बसली.

"डॉक्टरांनी पासवर्ड घातला. म्हणे, कुलूप असलेलं बरं. आता बिनकुलपाच्या फुलवर कुलपातला रोजचा बसत नाही. मशीननं परत पहिल्यापासून घेतलं."

मी बांधलेल्यातलं एक पातेलं सोडलं.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी जुने एक्स-रे नीटनेटके करायचे म्हणून दुसऱ्या फोल्डरात हलवले. जागा बदलली की मशीनला घरचा माणूससुद्धा परका. तिसऱ्या खेपेला डिस्क भरत आली असं वाटून त्यांनी सगळं अजून दाबून बसवायचं सेटिंग केलं. आम्ही एका पातेल्यात आणि दोन ताटल्यांत संसार करत होतो. पाहुणे आले तर त्यांना आधी वाट बघायला सांगायचं, मग ताटली धुवायची.

फोनवर ठमी तिच्या आईला विचारायची, "आई, तुझं मशीन अजून मोजतंय? त्याला येत नाही का नीट?"

"येतं गं. मधेच कुणीतरी बोलतं, मग विसरतं."

पुढे पुढे ठमी विचारेनाशी झाली. एकदा आपणहून म्हणाली, "बाबा आता वेणी बरी घालतात." सून "छान" म्हणाली आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ ओटा पुसत राहिली. स्वच्छच होता.

मी म्हटलं, "डॉक्टरांना हात लावूच देऊ नकोस. किल्ली तुझ्याकडे ठेव."

"ठेवता येईल. मग किल्ली माझ्या एकटीकडेच. ते मला जन्मात सोडणार नाहीत."

म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मग माझा गुडघा सुजला आणि तिच्याबरोबर मीही केंद्रात गेले. फोटो झाल्यावर तिच्याच खोलीत स्टुलावर बसले. डॉक्टर आत आले. माणूस वाईट नाही, माझ्या फोटोचे पैसे कधी घेत नाहीत. फक्त हाताला स्वस्थता नाही.

"सकाळी एक फोल्डर जोडलं मी," ते म्हणाले. "तसं छोटंसंच."

सुनेनं पडद्याकडे पाहिलं. "फुल सुरू झालाय."

"परत?"

"परत."

मला राहवलं नाही. "म्हणजे आधीचं सगळं पाण्यात?"

"नाही आई. जुने फुल, त्यांचे रोजचे, सगळे जागच्या जागी आहेत. आत्ता मशीन बंद पडलं तरी कालपर्यंतचं निघेल."

"मग तू कशासाठी अडलीयस?"

तिनं स्वेटरच्या बाह्या वर केल्या, जुन्या डिस्कवरून काहीतरी शोधलं, आणि पडद्यावर माझा गेल्या वर्षीचा गुडघा उभा राहिला. तेव्हाही काही देखणा नव्हता.

"हा परत आला, तसे सगळे येतात," ती डॉक्टरांना म्हणाली. "तुम्हाला मी यायच्या आधीचं वर्ष आठवतं का?"

"त्या वर्षाचे सगळे फोटो गेले होते," डॉक्टर मला सांगू लागले. "पेशंट समोर बसलेला आणि माझ्याकडे दाखवायला काही नाही. तेव्हापासून बघा, भीती वाटली की मी सेटिंग उघडतो. दाराची कडी परत परत बघावी तसं."

"आणि तुम्ही कडी बघितली की मी आत अडकते," सून म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी उद्या निघतेय. फुल चालू असतानाच."

"आणि मधेच काही झालं तर?"

"जुना आहे ना. लाल दिवा लागला की ही दुसरी डिस्क लावायची. बॅकअपची वेळ बदलायची तर बदला, त्यानं काही होत नाही. बाकी जे जे बदलावंसं वाटेल ते मनात साठवा आणि पुढच्या ठरलेल्या फुलच्या आदल्या दिवशी एकदम करा. कसंही तेव्हा पहिल्यापासूनच मोजायचं असतं."

डॉक्टरांनी डिस्क हातात घेतली, उलटीसुलटी पाहिली. मग तिच्या खुर्चीत बसले. खुर्ची त्यांना बुटकी होती, गुडघे वर आले. त्यांनी माऊसला हात लावला आणि लगेच काढून मांडीवर ठेवला.

"फार गार आहे गं इथे."

सुनेनं स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. मला उठायला हात दिला. उंबऱ्याशी थांबून तिनं विचारलं, "दार ओढून घेऊ?"

"नको," डॉक्टर म्हणाले. "उघडंच असू दे."