दुरैराजचा गुडघा

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्याबरोबर अकरा वर्षं एका मैदानावर धावलो त्या मित्रांनाही नाही. आता सांगतोय तेही मराठीत — या मद्रासमध्ये, जिथं आमच्या क्लबातल्या एकालाही ही भाषा वाचता येत नाही. आम्हा तंजावरकडच्यांच्या घरांत मराठी बोलतात ती चुलीपाशी आणि देवापाशी, लिहितो कोण? म्हणजे कबुली तर द्यायची, पण ज्याच्या कानावर जायला हवी त्याच्या कानावर जाणार नाही अशा बेतानं. बघा, सुरुवातच अशी. माझा स्वभाव तुमच्या लक्षात आला असेल.

मी मैलापूरच्या एका फुटबॉल क्लबाचा सेंटर फॉरवर्ड होतो. सरकारी कचेरीत कारकून, पक्की नोकरी, पुढं पेन्शन — हे ध्यानात ठेवा, नंतर लागेल. वय बत्तीस. दम पुरेनासा झाला होता. हाफटाइमनंतर मी चेंडूकडं धावायचो नाही, चेंडू माझ्याकडं येईल अशी जागा धरून उभा राहायचो. लोक त्याला अनुभव म्हणायचे.

त्याच सुमाराला बूट सक्तीचे झाले. तोवर आमच्यातले बहुतेक अनवाणी खेळायचे, पावलाला नुसती पट्टी गुंडाळून. जन्मभर बोटांनी चेंडू ओळखणाऱ्या माणसाचे पाय चामड्यात कोंबले तर काय होतं — तुम्हाला कल्पना येईल का? आमची पावलं पुढं पसरट झालेली आणि बूट अरुंद. भले भले एका मोसमात संपले. मी संपलो नाही. ट्रिप्लिकेनमधल्या एका म्हाताऱ्या मोच्यानं माझ्या बुटांच्या कडा उसवून आत मऊ कातड्याची पट्टी बसवून दिली होती. दोन दिवसांचं काम, वरून काही दिसायचं नाही. मी ते कोणाला सांगितलं नाही. आपली युक्ती आपल्यापाशी, एवढंच तेव्हा वाटलं होतं.

आता दुरैराज. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या व्यासरपाडीचा. एका मिलच्या टीमचा फॉरवर्ड, आणि ती टीम म्हणजे आमचा जुना वैरी. दोन मोसम त्यानं आमच्या नाकी नऊ आणले होते. बूट आले आणि त्याला गोलच होईना. सोपे चेंडू बाहेर जायचे, प्रेक्षक हसायचे. मिलवाले त्याला सोडणार असं कानावर आलं. त्याची नोकरी खेळावर मिळालेली. टीममधून गेला की नोकरी जाणार, आणि मिलच्या चाळीतली खोलीही.

वर्षातून एकदा सह्यांचा पंधरवडा यायचा. खेळाडूनं असोसिएशनच्या कचेरीत स्वतः जाऊन नव्या क्लबाच्या कागदावर सही करायची. पंधरवडा चुकला की वर्ष गेलं. आमचे अध्यक्ष राघवाचारी सर, निवृत्त हेडमास्तर, दुरैराजला घ्यावं म्हणत होते. बंदरात त्याच्यासाठी नोकरीही त्यांनी बोलून ठेवली होती. कमिटीतल्या बाकीच्यांचं म्हणणं — वैऱ्यानं टाकलेला माणूस आपण कशाला उचलायचा? तीन बैठका झाल्या. शेवटी सर माझ्याकडं वळले. “तू फॉरवर्ड आहेस. जाऊन बघून ये. तू म्हणशील तसं करू.” ज्याची जागा जाणार त्यालाच विचारतोय, हे त्यांच्या मनातही आलं नसेल. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

गेलो. सकाळची वेळ, मिलमागचं मैदान. मी सायकल लावली. बूट हँडलला अडकवलेले होते, कारण तिथून मला आमच्या सरावाला जायचं होतं. दुरैराज एकटाच होता, अनवाणी. गोलच्या खांबाला त्यानं एक फडकं बांधलं होतं आणि वीस पावलांवरून तो ते फडकं टिपत होता. उजव्या पायानं, डाव्या पायानं. असा पाय मी तोवर पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. मग त्यानं बूट चढवले, तोच चेंडू, तीच जागा — आणि चेंडू कुंपणाबाहेर. मला तिथल्या तिथं सगळं कळलं. याला काहीही झालेलं नव्हतं. याला फक्त तो मोची हवा होता.

तो माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसला, बूट काढले. दोन्ही करंगळ्या सोललेल्या. “अण्णा, मला घ्या,” तो तमिळमध्ये म्हणाला. “बाहेर बसवा, बसेन. फक्त सही होऊ द्या. इथं मला आता पंधरा दिवससुद्धा ठेवणार नाहीत.” मग त्याची नजर सायकलच्या हँडलकडं गेली. “तुमचे बूट कुठले, अण्णा? तुम्हाला चावत नाहीत?”

इथवर यायला मी किती वळसे घेतले, पाहिलंत ना? अजून घ्यावेसे वाटताहेत.

मी म्हणालो, “बूट सगळ्यांचे सारखेच. सवय व्हावी लागते.”

त्यानं मान डोलावली. शाळेत चूक दाखवून दिल्यावर मूल डोलावतं तशी.

शनिवारी कमिटीपुढं मी सांगितलं, त्याचा गुडघा गेलाय. वरून दिसत नाही, पण मला दिसतं. सरांनी विचारलं, “नक्की?” मी म्हणालो, “नक्की.” कोणीतरी कॉफी मागवली आणि बैठक दुसऱ्या विषयाकडं वळली. पंधरवड्याचे चार दिवस उरले होते. त्या चार दिवसांत मी रोज असोसिएशनच्या कचेरीवरूनच घरी गेलो, आणि रोज सायकल न थांबवता गेलो.

कशासाठी? पोटासाठी म्हणावं तर माझी नोकरी पक्की होती. मी आणखी दोन मोसम खेळलो. त्यातला एकही सामना कोणाला आठवत नाही, मलाही नाही.

दुरैराजची नोकरी गेली, खोली गेली. आता तो कोत्तवाल चावडीच्या भाजीबाजारात पोती उतरवतो. त्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो. पण त्याला कोणीतरी सांगितलं की मैलापूरच्या अण्णांनी तुझ्यासाठी खूप प्रयत्न केला, गुडघाच आडवा आला. तेव्हापासून दर पोंगलला, म्हणजे संक्रांतीला, तो दोन लांब ऊस खांद्यावर घेऊन व्यासरपाडीहून मैलापूरला येतो. चालत. दहा वर्षं झाली. मला तो ऊस खाववत नाही, मुलं खातात.

यंदाही आला. आतून बायको म्हणाली, “दुरै आला काय? बसव त्याला, कापी आणतें.” तो ओट्यावर टेकला. आता केस पिकलेत, पाठ वाकलीय. लाजत म्हणाला, “अण्णा, एक विचारायचं होतं. मला तर तेव्हा कधी दुखलंही नाही. तुम्हीच ओळखलंत. कोणता होता हो — उजवा की डावा?”

कमिटीत मी ते सांगितलंच नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं. आणि समोर तो बसला होता, खरं ऐकण्याचा हक्क असलेला जगातला एकच माणूस. दुसरं कोणी नव्हतं. बायको अजून आतच होती. बोलायला पुरेसा वेळ होता.

मी म्हणालो, “डावा.”

त्यानं डाव्या गुडघ्यावर हात ठेवला, जरा दाबून पाहिला. “तरीच,” म्हणाला. कॉफी प्याला, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघाला. ओट्याच्या तीन पायऱ्या तो डावा पाय जपून टाकत उतरला.